बारा पिशव्या धिंगरी

३० जून २०२५, सोमवार. सकाळी ७.४०

आजपासून रोज डायरी. जानेवारीतली डायरी अकरा तारखेला बंद पडली, पण ती योगासनांची होती. योगासनांत लिहिण्यासारखं फार काही घडत नाही.

विषय ठरला. मशरूम.

काल संध्याकाळी नंदाने शेवटचं सांगितलं. तिचं म्हणणं, व्हीआरएस घेऊन चौदा महिने झाले आणि चौदा महिन्यांत मी एक काम धड पूर्ण केलेलं नाही. (मधमाश्या मोजायच्या नाहीत असं आमचं ठरलं होतं. तिने मोजल्या.) पंधरा ऑगस्टपर्यंत एक, फक्त एक गोष्ट करून दाखव म्हणाली, नाहीतर अठरा तारखेच्या सोमवारी सकाळी नऊला विद्याधरच्या काउंटरवर बसायचं. विद्याधर म्हणजे तिचा धाकटा भाऊ. भांडुपला त्याचं दुकान आहे. नळ, पाइप, कमोड, वॉशर.

मी तेवीस वर्षं रंगाच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होतो. माझ्या सहीशिवाय एक डबा गेटबाहेर जायचा नाही. आणि आता मी लोकांना अर्धा इंची वॉशर काढून देऊ? मेलो तरी नाही.

तसा दिवाळीत मी चार दिवस त्याच्याकडे मदतीला गेलो होतो. सगळे स्क्रू लांबीऐवजी चकाकीप्रमाणे लावून दिले. एका गिऱ्हाइकाला मोकळेपणाने सांगितलं की हा नळ घेऊ नका, समोरच्या दुकानात चांगला मिळेल. पाचव्या दिवशी विद्याधर स्वतः मुलुंडला आमच्या घरी आला आणि म्हणाला, भाऊजी, तुम्ही दमलात, आता आराम करा. काळजी करतो बिचारा माझी.

तर मशरूम. रविवारभर व्हिडिओ बघितले. सोपं आहे. पेंढा, बी, पाणी, अंधार. पंचवीस दिवसांत पीक. म्हणजे पंधरा ऑगस्टपर्यंत एक पीक नक्की, दुसरं अर्धं.

१ जुलै. सकाळी ९.१५

अभ्यास जोरात. जगातली बुरशी काढून घेतली तर आपल्या घरात काय उरेल, याची यादी केली.

पाव गेला. यीस्ट म्हणजे बुरशीच. चीज गेलं, निदान चांगलं चीज गेलं. चायनीजवरचा सोया सॉस गेला. पेनिसिलीन गेलं, म्हणजे लहानपणीच्या न्यूमोनियात मीही गेलो. थंड पेयातला आंबटपणा गेला. तो लिंबातून येतो असं लोकांना वाटतं, पण ते सायट्रिक अ‍ॅसिड काळ्या बुरशीकडून करून घेतात. कोलेस्टेरॉलच्या गोळीचा शोध बुरशीतून. जीन्सचा विटका रंग बुरशीच्या एन्झाइममुळे. काही ठिकाणी तर बुरशीपासून चामड्यासारख्या पर्स करतात आणि थर्माकोलऐवजी बुरशीचं पॅकिंग वापरतात.

नंदा भाकऱ्या थापत होती. तिला सगळी यादी वाचून दाखवली. ती म्हणाली, भाकरीत बुरशी नाही ना, मग बस आणि खा. विमा कंपनीत राहून माणसाचं कुतूहल मरतं.

३ जुलै, गुरुवार

जागा ठरली. प्रांजलची खोली. ती पुण्यात एम.एस्सी. करते, मायक्रोबायोलॉजी. खोली वर्षभर रिकामी असते. फोन करून सांगितलं तर म्हणाली, बाबा, माझा पलंग? म्हटलं, पलंग उभा करतो. म्हणाली, बाबा, माझी पुस्तकं? म्हटलं, विज्ञानासाठी थोडा त्याग करावा लागतो. ती म्हणाली, मी विज्ञानच शिकतेय ना.

पेंढ्याचा प्रश्न होता. मुंबईत भाताचा पेंढा कुठे मिळणार? विद्याधरला सहज बोललो. तासाभरात त्याच्या दुकानाचा टेम्पो बिल्डिंगखाली हजर. तबेल्यातून आठ भारे उचलून आणलेले. पैसे घेईना. भाऊजी, अजून लागला तर सांगा, कितीही लागू दे, म्हणाला. नंतर पुन्हा फोन करून म्हणाला, तुमचं हे फार मोठं होणार बघा, यातच राहा.

मला वाटतं त्याला आत्तापासूनच पार्टनरशिप हवी आहे. दहा टक्क्यांच्या वर देणार नाही.

६ जुलै, रविवार. दुपारी ३

पेंढा भिजवून, उकळून, निथळवायचा असतो. भिजवला बाथरूममधल्या ड्रममध्ये. उकळला नंदाच्या मोठ्या पातेल्यात. निथळायला वेळ लागतो, आणि मी क्वालिटी कंट्रोलवाला, मला डोकं आहे. वॉशिंग मशीनच्या स्पिनला लावला.

मस्त सुकला. पहिले दोन भारे एकदम झकास.

तिसऱ्या भाऱ्याला मशीनने आवाज केला आणि थांबलं. मशीन जुनंच होतं.

८ जुलै

नंदा ऑफिसात गेली तेव्हा तिच्या ब्लाउजच्या पाठीला पेंढ्याची काडी होती. तिच्या साहेबांनी विचारलं म्हणे, गावी जाऊन आलात का. आज ती माझ्याशी बोलत नाहीये. कामाला शांतता मिळाली.

१० जुलै, गुरुवार. गुरुपौर्णिमा

मुहूर्त! बी आलं कुरिअरने. धिंगरी जातीचं, शिंपल्यासारख्या पसरट मशरूमचं. पिशवीत थर द्यायचे असतात: पेंढा, कडेने बी, पुन्हा पेंढा, पुन्हा बी. बारा पिशव्या भरल्या. पलंग उभा केला आणि पडद्याच्या रॉडला पिशव्या टांगल्या.

व्हिडिओवाले लोक पूजा करत नाहीत. म्हणून त्यांची पिशवी कधीकधी फेल जाते, असं माझं निरीक्षण. मी प्रत्येक पिशवीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि आत, प्रत्येक थरावर, एकेक चमचा हळद घातली. हळद जंतुनाशक आहे हे लहान पोरालाही माहीत आहे. म्हणजे पूजाही झाली आणि निर्जंतुकीकरणही. मग खोली बंद करून धूप घातला. आता रोज दोन वेळा घालणार.

प्रांजलचा फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबा, हळद बुरशी मारते. मशरूम ही बुरशीच आहे. मी तिला शांतपणे समजावलं की हळद वाईट बुरशी मारते. ती म्हणाली, हळदीला कसं कळणार कुठली वाईट? पोरगी हुशार आहे, पण फार पुस्तकी. आपल्या लोकांनी हजारो वर्षं हळद उगाच लावली का?

१६ जुलै

पिशव्यांत अजून काही नाही. हे चांगलंच आहे. घाई करणारं पीक कमजोर असतं.

मात्र ओलावा हवा म्हणून दिवसातून सहा वेळा पाणी फवारतो. भिंती, जमीन, छत, सगळं. संध्याकाळी कपाट उघडलं तर रिटायरमेंटला मिळालेल्या माझ्या चामडी बॅगेवर पांढरी लव आलेली. दाट! एकसारखी! बॅग नंदाला दाखवली आणि म्हटलं, बघ, या घराची हवा मशरूमला किती मानवते. ती म्हणाली, मग बॅगच शिजवू का?

तरी आज हसली. आठ दिवसांनी.

२० जुलै, रविवार. रात्री ८

कमरेला खाज. माफक. उकाड्यामुळे.

२४ जुलै. गटारी

खालच्या मजल्यावरचे सीतारामकाका वर आले. ब्याऐंशी वर्षांचे. मूळचे मालवणकडचे, गिरणीत आयुष्य गेलं, पण जीभ अजून तिकडचीच. म्हणाले, जयवंता, तुजा पीक वर आणि पाणी माज्या टकलार. छतार नकाशो उमाटलो हा, येऊन बघ. मी खाली जाऊन बघितलं. खरंच त्यांच्या छतावर काळ्या बुरशीचा मोठा डाग आहे. काकांना म्हटलं, तुम्ही नशीबवान, तुमच्याकडे आपोआप येतंय. त्यांना ते आवडलं नाही.

मग चहा घेतला आणि जरा निवळले. गावची अळंबी आठवली त्यांना. म्हणाले, आमच्याकडे वारुळार आपसूक येतत, कोण तेंका धूप दाखवता? रानात जाऊन टोपलीभर आणायची, आई काळ्या वाटाण्याच्या आमटीसारखं वाटप लावून करायची, ता मटणाक मागे सारीत. मी म्हटलं, काका, पंधरा ऑगस्टला तुम्हाला तसलंच जेवू घालतो. ते म्हणाले, आधी डाग काढ.

नंदाचा प्रश्न: उद्यापासून श्रावण, मशरूम चालेल का? मी निर्णय दिला की बुरशी ना झाड आहे ना प्राणी, त्यामुळे तिला श्रावण लागू नाही. नंदा म्हणाली, उगवलंय कुठे, म्हणून खायचा प्रश्न येईल?

२८ जुलै, सोमवार. सकाळी ६.२०

आलं! आलं! पिशवी नंबर चारमध्ये रंग दिसतोय! पाचमध्येही! नऊमध्ये तर भरभरून!

६.४० — रंग हिरवा आहे.

७.१५ — प्रांजलला व्हिडिओ कॉल केला. ती अजून उठायची होती. पिशवी कॅमेऱ्यासमोर धरली. ती म्हणाली, ही ट्रायकोडर्मा असणार, हिरवी बुरशी, हिने तुमच्या धिंगरीचं बी खाल्लं, बाबा, सगळ्या पिशव्या बाहेर काढा, आणि खोलीत मास्क लावा, प्लीज. मग म्हणाली, हळदीला ती घाबरली नाही वाटतं.

आधी वाईट वाटलं. एक तासभर खरंच वाईट वाटलं, नाश्ता केला नाही. मग ट्रायकोडर्मा शोधून बघितली आणि उडालोच. जीन्स विटवायचं एन्झाइम याच बुरशीपासून काढतात! म्हणजे मी मशरूम लावायला गेलो आणि माझ्या हाताला कापड उद्योग लागला!

चार, पाच, नऊ नंबरच्या पिशव्या वेगळ्या काढल्या. त्यात माझी जुनी निळी जीन्स दाबून ठेवली. प्रयोग सुरू. नंदाला आत्ता सांगणार नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

जीन्स विटली नाही. मात्र गुडघ्याला हिरवी झाली आणि वास येतो. वासाचं वर्णन इथे करत नाही.

नंदाने जीन्स चिमट्याने उचलून कचऱ्याच्या पिशवीत टाकली. तीन पिशव्याही गेल्या. उरल्या नऊ. नऊ हा शुभ आकडा.

५ ऑगस्ट. दुपारी

खाज आता माफक नाही. कमरेवर गोल गोल चट्टे, कडेला लालसर. नंदाने ओढून डॉक्टरकडे नेलं. डॉ. दर्शना म्हणून नवीन मुलगी आहे, स्किनची. तिने एक नजर टाकली आणि म्हणाली, काका, फंगल इन्फेक्शन आहे, गजकर्ण. ओलसर जागेत जास्त वेळ असता का?

नंदा हसायला लागली. थांबेचना. डॉक्टरलाही हसू आलं, कारण नसताना. मी डॉक्टरला विचारलं, ही कुठली जात आहे, हिचा काही औद्योगिक उपयोग? तिने मलम दिलं. दिवसातून दोनदा, तीन आठवडे, कोरडं राहायचं, आणि उपयोग काही नाही म्हणाली.

म्हणजे पंधरा महिन्यांत माझ्या हातून पहिल्यांदा बुरशी वाढली, तीही माझ्या कमरेवर. नंदा रिक्षात म्हणाली, एक पीक तरी आलं. मग तिने माझा हात हातात घेतला आणि घरापर्यंत सोडला नाही. का ते कळलं नाही, पण बरं वाटलं.

९ ऑगस्ट, शनिवार. रक्षाबंधन

प्रांजल दोन दिवसांसाठी आली. हॉलमध्ये झोपली. रात्रभर शिंकली, पण तिला लहानपणापासून धुळीचा त्रास आहे.

विद्याधर राखी बांधून घ्यायला आला. ओवाळणी झाली, नारळीभात झाला. मग नंदाने विषय काढला. विद्या, अठरापासून हे तुझ्याकडे, नऊ वाजता, तयार ठेव. विद्याधरच्या घशात नारळीभात अडकला. पाणी प्यायला. मग म्हणाला, ताई, एवढी घाई कशाला? बघू तरी काय केलंय भाऊजींनी.

प्रांजलच्या खोलीत नेलं. नऊ पिशव्या, धूप, मिट्ट काळोख. त्याने एकेक पिशवी हात लावून बघितली. पेंढा करडा पडलेला, कडेने पिवळा, हळदीमुळे. काहीच नाही आत. पण विद्याधर बाहेर येऊन म्हणाला, ताई, हे अगदी तोंडाशी आलेलं काम आहे, मी सांगतो, मला कळतं. श्रावण संपेपर्यंत वेळ दे भाऊजींना. चोवीस तारखेला रविवार आहे, आपण सगळे इथेच जेवू. मशरूम झालं तर प्रश्न मिटला. नाही झालं तर... नंदाने वाक्य पुरं केलं, नाही झालं तर पंचवीसला सकाळी नऊला दुकानात.

प्रांजल म्हणाली, मामा, तू त्या पिशव्या नीट बघितल्यास? विद्याधर म्हणाला, तू गप गं.

मला खरंच भरून आलं. अख्ख्या सासरवाडीत माझी किंमत कळलेला तो एकच माणूस. पार्टनरशिप पंधरा टक्के.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी १०

सोसायटीत झेंडावंदन. नंतर मला दोन शब्द बोलायचे होते. बुरशी आणि आत्मनिर्भरता. तीन मिनिटं बोललो, मग स्पीकर बंद झाला. तांत्रिक बिघाड. सीतारामकाका पुढच्या खुर्चीत बसून सगळ्यांना आपल्या छताचा फोटो दाखवत होते.

त्यांना शब्द दिलाय की डाग मी स्वतः साफ करून रंग लावून देईन. रंग माझं क्षेत्र आहे. तारीख दिलेली नाही.

१९ ऑगस्ट

पाच पिशव्यांना आंबूस पाणी सुटलं. काढून टाकल्या. उरल्या चार.

आज पहिल्यांदा वाटलं की होणार नाही. डायरीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय म्हणून लिहितो. दुपारी त्या खोलीत बसलो होतो स्टुलावर. विचार केला, भांडुपच्या काउंटरवर बसलोय, आणि कंपनीतला माझा जुना ज्युनिअर नळ घ्यायला आलाय. तो मला सर म्हणणार आणि मी त्याला वॉशर देणार.

मग धूप घातला.

२३ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळी ६

चार पिशव्या. शून्य मशरूम. उद्या दुपारी जेवायला विद्याधर, प्रांजल (पुन्हा येतेय, खास), सीतारामकाका.

विचार केला. प्रदर्शनात काय असतं? नमुना. गाड्यांच्या प्रदर्शनात गाडी तिथे थोडीच बनवतात. बाहेरून आणून ठेवतात. लोक टाळ्या वाजवतात.

स्टेशनजवळच्या भाजीवाल्याकडे धिंगरी नव्हती. बटण मशरूम होते, पांढरे, गोल, प्लॅस्टिकच्या डब्यात. पाच डबे घेतले. मशरूम ते मशरूम. आकाराकडे कोण बघतं?

२४ ऑगस्ट, रविवार. सकाळी ५.३०

नंदा झोपली आहे. पिशव्यांना भोकं पाडली आणि टूथपिकने एकेक मशरूम लावला. शंभराच्या आसपास. फार सुंदर दिसतंय. खरं सांगू, इतकं सुंदर की पाच मिनिटं मी स्वतःच विसरलो कोणी लावलेत ते. डोळे भरून आले.

मोकळे डबे कचऱ्याच्या तळाशी दडवले.

२४ ऑगस्ट. संध्याकाळी ५

यशस्वी! सविस्तर लिहितो.

अकराला सगळे आले. मी खोलीचं दार उघडलं. नंदा बघत राहिली. पिशवी बघितली, मग माझ्याकडे, मग पुन्हा पिशवी. एक शब्द बोलली नाही. आनंद झाला की ती अशीच गप्प होते.

प्रांजल पिशवीच्या अगदी जवळ गेली. म्हणाली, बाबा, धिंगरीचं बी लावलं होतं ना? हे बटण आहेत. मी म्हटलं, वातावरणाप्रमाणे बदलतं. ती काही बोलणार तेवढ्यात विद्याधर ओरडला, वा वा वा भाऊजी, कमाल, कमाल केलीत! फोटो काढले. टाळ्या वाजवल्या, एकट्याने. म्हणाला, ताई, बघ, म्हणत होतो ना मी? आता यांना इकडे तिकडे कुठे बसवू नकोस. या माणसाचा जन्मच मशरूमसाठी आहे. सीतारामकाका चष्मा पुसून म्हणाले, एकाच दिवशी सगळी एकाच मापाची कशी रे आली, मेल्या? मी म्हटलं, क्वालिटी कंट्रोल.

मी स्वतः तोडले. नंदाने खोबऱ्याचं वाटप लावून रस्सा केला. श्रावण सुटल्यानंतरचा पहिला रविवार, भांडुपच्या बाजारात सुरमई, पापलेट, कोलंबी, आणि विद्याधर, मासळीशिवाय ज्याचा रविवार होत नाही तो विद्याधर, पानावर मशरूम घेऊन बसला. माझ्यासाठी. कोण करतं एवढं?

दुसऱ्या घासाला त्याने तोंडातून काहीतरी काढलं. बघितलं तर टूथपिक. पण त्याच्या लक्षात आलं नाही. ती ताटाच्या कडेला ठेवली आणि म्हणाला, देठ जरा कडक आहे, पण चव काय आहे! साधा माणूस. मग प्रांजलला एक मिळाली. काकांना दोन. काकांनी त्या खिशात ठेवल्या, जेवणानंतर दातांसाठी.

नंदाने सगळ्यांना वाढलं. मला दोनदा वाढलं. सगळे गेल्यावर भांडी आवरताना ताटातल्या टूथपिक वेगळ्या केल्या, धुतल्या आणि डबीत भरून ठेवल्या. मग म्हणाली, दमला असशील, झोप जरा. आवाज अगदी मऊ होता.

झोप आली नाही.

२४ ऑगस्ट. रात्री ९

तिला माहीत आहे. सकाळी अकरापासून माहीत होतं. भावासमोर, मुलीसमोर एका शब्दाने माझी वाट लावू शकली असती. लावली नाही. उलट त्याच मशरूमना वाटप लावलं.

आता मला ते सहन होत नाही. ठरवलं. मी जाणार. उद्या सोमवार, सकाळी नऊ, भांडुप. शब्द म्हणजे शब्द. वॉशर तर वॉशर. नंदाला सांगितलं. म्हटलं, ते मशरूम बाजारातले होते. ती म्हणाली, हो. म्हटलं, उद्यापासून दुकानात जातो. एकदम तिचे डोळेच भरले. म्हणाली, जयवंत, मला पिशव्यांचं काही नव्हतं रे. तू रोज सकाळी कुठेतरी निघावंस, एवढंच हवं होतं मला.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. इतकी खूश तिला शेवटची कधी बघितली, आठवत नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ७.३०

इस्त्रीचा शर्ट. बूट पॉलिश. (आतली बुरशी पुसली.) नंदाने डबा भरून दिला. पोळी, भेंडी, आणि वेगळ्या छोट्या डब्यात शिरा. पहिल्या दिवशी गोड हवं म्हणाली. दारात उभी राहून हात केला. कंपनीत जायचो तेव्हा करायची तसा.

मी तयार आहे. खरं तर मी आल्यावर त्या दुकानाचं सोनं होणार आहे.

२५ ऑगस्ट. सकाळी १०.५०. भांडुप, बागेतला बाक

नऊला पाच कमी असताना पोचलो. विद्याधर शटर वर करत होता. मला बघितलं आणि शटर अर्ध्यावरच राहिलं. म्हणाला, भाऊजी, तुम्ही? इथे? का? मी म्हटलं, आलो. दिल्या शब्दाला जागलो. कुठे बसू?

तो घामाघूम. मला बाजूला घेतलं, पाइपांच्या मागे. हात जोडले. खरंच जोडले. म्हणाला, भाऊजी, रागावू नका, तुम्ही मोठे आहात. पण काउंटरवर नको. दिवाळीनंतर गिऱ्हाईक परत आणायला मला फेब्रुवारी उजाडला. ताईला नाही म्हणायची माझी हिंमत नाही, म्हणून म्हटलं, तुमचं मशरूम तरी होऊ दे. पेंढा पाठवला, मुदत वाढवली, काल टूथपिक खाल्ली, भाऊजी. अजून काय करू? सांगा, दसऱ्यापर्यंत मुदत मागून घेतो. दिवाळीपर्यंत घेतो. रोज टेम्पोभर पेंढा देतो. फक्त ताईला सांगू नका.

म्हटलं, नाही सांगणार.

त्याने चहा मागवला. कटिंग. उभ्यानेच प्यालो. दोन महिने ज्या काउंटरपासून जीव तोडून पळत होतो, तिथे मला बसूच देणार नव्हते. मी हरलो असतो तरी.

मग बाहेर आलो. घरी जाऊ शकत नाही. नंदा ऑफिसला निघते साडेदहाला, तोवर थांबायला इथे बागेत आलो. आता साडेदहा वाजून गेले, पण उठवत नाही.

२५ ऑगस्ट. दुपारी १.२०. तोच बाक

नंदाचा फोन आला, जेवणाच्या सुट्टीत. कसं चाललंय, विचारलं. मागे तिच्या ऑफिसातल्या बायकांचा आवाज होता. त्यांनाही सांगितलेलं दिसतंय. मी म्हटलं, एकदम झकास. गर्दी आहे, नंतर बोलतो. ती म्हणाली, बरं बरं, गिऱ्हाईक बघ आधी. आणि हसली.

डबा खाल्ला. शिरा चांगला झाला होता. साजूक तुपातला.

संध्याकाळी सातपर्यंत वेळ काढायचाय. उद्या पुन्हा सव्वाआठला निघायचं, परवा गणपती म्हणून सुट्टी, मग गुरुवारी पुन्हा. नंदा म्हणाली, डब्यात रोज काहीतरी गोड देईन.